न्हावा-शेवा ते सिंगापूर, इंजिनरूमच्या वाटेने

सोमवार, न्हावा-शेवा

माझे यजमान एका कंटेनर जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. अधिकाऱ्यांच्या पत्नींना काही काळ जहाजावर राहू देण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. तिचा लाभ घेऊन मी यंदा जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, न्हावा-शेवा ते सिंगापूर हा प्रवास त्यांच्याबरोबर केला. कागदपत्रे वेळेत झाली, बंदराचा गेटपास मिळाला आणि भर पावसात मी जहाजाच्या शिडीपाशी पोचले. घ्यायला आला तो दापोलीकडचा एक मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी. "वहिनी, सेकंडसाब खाली स्कॅव्हेंजमध्ये आहेत, तासाभरात येतील," असे सांगून त्याने माझी बॅग खांद्यावर घेतली. त्या तासाभराचे तीन तास झाले. यजमान वर आले तेव्हा त्यांच्या बॉयलरसूटचा मूळचा नारिंगी रंग फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला उरला होता.

या जहाजाचे मुख्य इंजिन आठ सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, डिझेल तत्त्वावरचे आहे. सिलिंडरचा व्यास ९० सेंटिमीटर, दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव दोन मीटरहून अधिक आणि इंजिनाची उंची चार मजली घराएवढी असली, तरी पूर्ण वेगातही ते मिनिटाला साधारण शंभरच फेरे घेते, कारण प्रोपेलर थेट त्याच्याच शाफ्टला जोडलेला असतो. सिलिंडरच्या तळाशी हवा आत घेणारी जी खिडक्यांची रांग असते, तिच्या बाहेरच्या पोकळीला स्कॅव्हेंज स्पेस म्हणतात. बंदरात इंजिन थांबले की इंजिनिअर त्या काजळलेल्या, तेलकट पोकळीत शिरतात, टर्निंग गिअरने दट्ट्या हळूहळू वर-खाली करवतात आणि त्या खिडक्यांतून पिस्टनच्या रिंगा तपासतात. प्रत्येक रिंग लाकडी काठीने दाबून पाहायची. जी स्प्रिंगसारखी परत बाहेर येते ती शाबूत. चौथ्या युनिटची, म्हणजे चौथ्या सिलिंडरची, एक रिंग परत आली नाही. ती मोडली होती.

न्हावा-शेव्यात ते युनिट उघडण्याइतका वेळ नव्हता. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात जहाजे तासांच्या हिशेबाने येतात-जातात. तेव्हा चौथ्या युनिटचे इंधन थोडे कमी करायचे, सिलिंडर ऑइल थोडे वाढवायचे आणि कोलंबोत त्या सिलिंडरचे डोके उघडायचे, असे ठरले. रात्री बंदरातून वाट दाखवणारा पायलट चढला आणि आम्ही निघालो.

जाणाऱ्या भगिनींसाठी येथेच सांगून ठेवते. पावसाळ्यात अरबी समुद्र ओलांडायचा असेल, तर उलटीची गोळी जहाज हलू लागण्याआधी घ्यावी, नंतर ती पोटात टिकत नाही. सुती कपडे आणि घट्ट बसणारे बूट न्यावेत. पायऱ्या चढताना-उतरताना एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. इंजिनरूममध्ये मात्र चीफ इंजिनिअरच्या परवानगीशिवाय, हेल्मेट, कानाचे मफ आणि सेफ्टी शूज घातल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मंगळवार, अरबी समुद्र

सकाळपासून नैऋत्येची मोठी लाट जहाजाच्या बगलेवर येत होती. दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजाला या दिवसांत हे चुकत नाही. मेसमधल्या टेबलांवर ताटे घसरू नयेत म्हणून ओली चादर अंथरली होती. जहाजाचा भंडारी, म्हणजे मुख्य स्वयंपाकी, गोव्याचा. एवढ्या हेलकाव्यांतही त्याने सोलकढी केली होती, मात्र प्रत्येक पेल्यात ती अर्धीच ओतली.

दुपारी बडासाबांनी खाली येण्याची परवानगी दिली. भारतीय जहाजांवर चीफ इंजिनिअर हे बडासाब, थर्ड आणि फोर्थ हे तीनसाब आणि चारसाब, ज्युनिअर तो पाचसाब आणि इलेक्ट्रिकल ऑफिसर बत्तीसाब. कंट्रोल रूम थंड आणि बंदिस्त होती. तिचे जाड दार उघडले की आवाज आधी छातीवर आदळतो, कानांवर नंतर. बाहेर तापमान बेचाळीस अंश होते, आणि इंधन शुद्ध करणाऱ्या प्युरिफायरच्या खोलीत त्याहूनही बरेच जास्त.

ती खोली मला सर्वांत महत्त्वाची वाटली. जहाजाचे इंधन पेट्रोल पंपावरच्या डिझेलसारखे नसते. ते जड आणि काळे असते, गार झाले तर वाहायलाही तयार नसते. टाकीत ते गरम ठेवावे लागते, सेटलिंग टाकीत पाणी आणि गाळ खाली बसू द्यावा लागतो, मग जवळजवळ ९८ अंशांपर्यंत तापवून मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या प्युरिफायरमधून काढावे लागते, आणि इंजिनात जाण्याआधी ते पुन्हा योग्य पातळपणा येईपर्यंत तापवावे लागते. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आली. हवेसाठी ते चांगलेच झाले. पण ही मर्यादा गाठण्यासाठी निरनिराळे घटक मिसळून केलेले इंधन बंदरागणिक वेगळ्या स्वभावाचे निघते, आणि दोन बंदरांचे तेल एका टाकीत एकत्र आले तर कधी कधी त्याचा गाळच होऊन बसतो. ही डोकेदुखी किनाऱ्यावर फारशी कोणाला माहीत नसते.

आमचे जहाज सोळा नॉटच्या, म्हणजे ताशी सोळा सागरी मैलांच्या, आसपास चालले होते, वास्तविक ते चोवीस नॉटसाठी बांधलेले आहे. लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग एक तृतीयांशाने घटवला की शक्ती तीस टक्क्यांवर येते आणि इंधनाची प्रचंड बचत होते. २००८ नंतरच्या मंदीत ही रीत रुजली ती कायमची. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे या हिशेबाचे मला कौतुक वाटले. यजमानांना ते नव्हते. पूर्ण भारासाठी बांधलेले इंजिन वर्षानुवर्षे अर्ध्याहून कमी भारावर चालवले की ज्वलन अपुरे होते, काजळी साचते, सिलिंडरच्या भिंती गार राहून त्यांवर आम्ल धरते, आणि हे सगळे खरवडायला शेवटी माणूसच आत शिरतो, असे त्यांचे म्हणणे.

रात्री पावणेतीनला केबिनमधला अलार्म वाजला. आधुनिक जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसते. ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो आणि काही मिनिटांत तो खाली पोचला नाही, तर तो सर्वच इंजिनिअरांकडे वाजतो. एकट्याने खाली उतरल्यावर एक टायमर सुरू करायचा असतो आणि ठरावीक वेळाने त्याचे बटण दाबायचे असते, म्हणजे खाली गेलेला माणूस शुद्धीवर आहे एवढे तरी इतरांना कळते. त्या रात्री ड्यूटी तीनसाबांची होती, पण फिल्टरचा दाब वाढत चालला आहे हे कळताच त्यांनी यजमानांना फोन केला. लाटांनी टाक्या घुसळल्या गेल्या होत्या आणि महिनोन्महिने तळाशी बसलेला गाळ वर आला होता. आपोआप साफ होणारा फिल्टर दर काही मिनिटांनी स्वतःला धूत होता आणि तरी तुंबत होता.

बुधवार, केरळच्या किनाऱ्यापासून दूर

फिल्टर धुणे रात्रभर चालले. एक फिल्टर चालू ठेवायचा, दुसरा उघडायचा, त्याच्या बारीक जाळीच्या काड्या एकेक करून डिझेलमध्ये बुडवून दाबाच्या हवेने साफ करायच्या आणि पुन्हा बसवायच्या. जहाज दोन्ही अंगांना कलत असताना हे काम करायचे म्हणजे डिझेलची बादली दोरीने बांधायची आणि पाना खाली ठेवायचाच नाही. सकाळी न्याहारीला आलेल्या सगळ्यांच्या केसांना डिझेलचा वास होता.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. दापोलीच्या मोटरमनचा उपास होता. रात्रभर फिल्टर धुऊन आलेल्या या माणसासाठी भंडारीबुवांनी साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत घातला होता. खिचडी थोडी चिकट झाली होती, पण दाण्याचे कूट सढळ हाताने घातलेले होते. मग उपास नसलेलेही ताटली घेऊन आले, बत्तीसाब तर मूळचे केरळचे, त्यांनी दोनदा घेतली.

जेवणाच्या टेबलावर पाचसाबांशी ओळख झाली. पाचसाब म्हणजे चिपळूणची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. मरीन इंजिनिअरच्या परवान्याच्या क्लास फोर परीक्षेसाठी लागणारा समुद्रावरचा काळ ती पुरा करते आहे. सोनाली बॅनर्जी भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या, त्याला वीसहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी या जहाजावर खाली उतरणारी ही एकटीच. तिला मी विचारले, सर्वांत अवघड काय वाटते? माझ्या मनात वेगळेच उत्तर होते. ती म्हणाली, "वहिनी, पाइप शोधणं. ड्रॉइंगमध्ये सरळ दिसतो, प्रत्यक्षात तो फ्लोअरप्लेटखाली जातो आणि कुठे बाहेर येतो ते टॉर्च घेऊन रांगत बघावं लागतं." तिच्या वहीत प्रत्येक पानावर असे हाताने काढलेले पाइपांचे नकाशे होते, बिल्जचे म्हणजे तळात साचणाऱ्या पाण्याचे, बॅलास्टचे म्हणजे तोल राखणाऱ्या पाण्याचे, आग विझवण्याच्या पाण्याचे, आणि कडेला तेलाचे अंगठे उमटलेले.

नळाला पाणी कमी येत होते, त्याचे कारणही तिनेच दाखवले. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करतात. इंजिन थंड करून आलेले साधारण ऐंशी अंशांचे पाणी एका बंद भांड्यात उष्णता देते, भांड्यात जवळजवळ निर्वात पोकळी असल्याने समुद्राचे पाणी पन्नास अंशांच्या आतबाहेरच उकळते, आणि वाफ थंड करून गोडे पाणी मिळते. वर्गात निर्वात पोकळीतले उत्कलन शिकवताना मी अनेकदा फळ्यावर आकृती काढली आहे. त्याच पाण्याने आंघोळ करताना मजा वाटली. पण इंजिन मंद चालले की त्यातून निघणारी उष्णता घटते आणि पाणीही घटते. शिवाय किनाऱ्याजवळचे पाणी अस्वच्छ म्हणून तेथे हे यंत्र चालवत नाहीत. जहाजावर जाणाऱ्यांनी कपडे धुण्याचे बेत खोल समुद्रात गेल्यावर करावेत.

गुरुवार, कोलंबो

पहाटे धक्क्याला लागलो. एजंटाच्या माणसाने नारिंगी सालीचे शहाळे आणून दिले, त्याला तेथे थंबिली म्हणतात. त्याचे पाणी आपल्या शहाळ्याहून गोड असते. कोलंबोबद्दल एवढेच सांगता येईल, कारण दिवसभर मी इंजिनरूमच्या वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी होते.

इंजिन उघडायचे म्हणजे तेवढा काळ जहाज हलू शकत नाही, म्हणून आधी बंदराची परवानगी लागते. ती मिळताच चौथ्या युनिटचे पाणी काढले, हायड्रॉलिक जॅकने डोक्याच्या नटांवरचा ताण सोडवला आणि क्रेनने सिलिंडर हेड उचलून बाजूला ठेवले. मग पिस्टन वर आला. त्याच्यासह येणारा दांडा बाहेर निघेस्तोवर क्रेन इंच-इंच चढत होती आणि खालून फिटर, म्हणजे मिस्त्री, तोंडाने काही न बोलता बोटांनीच खुणा करत होता. तेथे बोलून काहीच ऐकू येत नाही. मुख्य इंजिन बंद असले तरी जनरेटर चालूच असतात.

मोडलेल्या रिंगेचे तुकडे एका पुठ्ठ्यावर मांडण्यात आले. यजमानांनी ते टोकाला टोक लावून वर्तुळ करून पाहिले. करंगळीएवढी जागा रिकामी राहिली. एक तुकडा कमी होता. तो धुराच्या वाटेने गेला असता तर इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरच्या पात्यांपर्यंत पोचण्याची भीती होती, आणि टर्बोचार्जर गेला तर सिंगापूर कसले, आम्हाला कोलंबोतच मुक्काम पडला असता. पिस्टनच्या खोबणी साफ करण्याचे काम थांबवून सगळे शोधाला लागले. पाचसाब पुन्हा स्कॅव्हेंजमध्ये उतरली आणि काजळी आणि तेलाचा लगदा हाताने चाचपत राहिली. पाऊण तासाने तिची तेलाने माखलेली मूठ वर आली, आणि पुठ्ठ्यावरचे वर्तुळ पूर्ण झाले. बडासाबांनी त्याचा फोटो काढला, कार्यालयाला पाठवायला.

त्यानंतरचे काम शिस्तीचे आणि लांबलचक होते. लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराचा, व्यास ठरलेल्या उंचींवर मायक्रोमीटरने मोजायचा, झीज वहीत लिहायची, नव्या रिंगा चढवायच्या, पिस्टन पुन्हा उतरवायचा. त्यातच वरून निरोप आला की माल अपेक्षेपेक्षा लवकर चढला असून निघण्याची वेळ दोन तास अलीकडे आणली आहे. खाली चाललेल्या कामाशी या निर्णयाचा काही संबंध आहे, असे तो घेणाऱ्याला वाटले नसावे. जेवण खालीच गेले, हातात धरून खाता येईल असे चपातीचे रोल.

सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती सक्तीची केली आहे. हा करार २०१३ मध्ये लागू झाला आणि भारतानेही तो स्वीकारला आहे. नोंदवहीत हे तास भरावेच लागतात आणि बंदरातले तपासनीस ती वही पाहतात. पण इंजिनरूममधली माणसे वीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी आणि बंदरातला वेळ त्याहून कमी, अशा स्थितीत ते तास कोठून आणायचे हे वहीत लिहिलेले नसते. मला हा नियम चांगला वाटतो. त्याची अंमलबजावणी कागदावर तपासण्याऐवजी माणसे मोजून तपासावी, असे मात्र वाटते.

शुक्रवार आणि शनिवार, बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेला

श्रीलंकेचे दक्षिण टोक, दोंद्रा हेड, ओलांडले आणि लाट मागून येऊ लागली. जहाज बरेच शांत झाले. यजमान शुक्रवारी जे झोपले ते शनिवारच्या न्याहारीलाच उठले. नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिनावरचा भार पायरीपायरीने वाढवत नेतात, ते काम तीनसाबांनी सांभाळले.

शनिवारी संध्याकाळी बडासाबांबरोबर चहा झाला. ते निवृत्तीला आले आहेत, बोलतात कमी. इंजिनातले तेलाचे धुके मोजणारे यंत्र दाखवत त्यांनी १९४७ सालच्या 'रैना देल पॅसिफिको' या जहाजाची हकीकत सांगितली. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणी चालू असताना त्याच्या इंजिनांच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे तळच्या बंद पेटीत, स्फोट झाले आणि अठ्ठावीस माणसे गेली. एखादे बेअरिंग फाजील तापले की त्यावरच्या तेलाची वाफ होते, तिचे धुके साचते आणि तोच गरम भाग ते पेटवतो. आज क्रँककेसच्या दारांवर दाब सोडणाऱ्या झडपा असतात आणि धुक्याचा अलार्म वाजला की पहिले काम इंजिन मंद करून तेथून दूर होणे. "दार उघडून बघायचा मोह होतो," ते म्हणाले, "गार होईपर्यंत उघडायचं नाही. हवा आत गेली की संपलं."

रविवार, ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला

दुपारी उत्तरेला ग्रेट निकोबारच्या डोंगरांची रेषा दिसली. भारताचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, तेथेच आहे. २००४ च्या भूकंपात ती जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. रविवार म्हणून बिर्याणी आणि आइसक्रीम होते, हा बहुतेक भारतीय जहाजांवरचा रिवाज. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने रोज रात्री घड्याळे थोडी पुढे करत होते, आणि ते तास अर्थात झोपेतूनच वजा होत होते.

सोमवार, मलाक्काची सामुद्रधुनी

येथे जहाजांची एवढी दाटी असते की इंजिन क्षणभर बंद पडणेही परवडत नाही. म्हणून एकाऐवजी दोन जनरेटर चालवले, सुकाणूचे दोन्ही पंप सुरू ठेवले आणि कंट्रोल रूममध्ये माणसांच्या पाळ्या लावल्या. सगळी वीज गेली तर आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांच्या आत भार घेईल अशी व्यवस्था नियमानेच असते. बत्तीसाबांनी तो आदल्या दिवशी चालवून पाहिला होता. वारा पडला होता आणि समुद्राचे पाणी इतके कोमट होते की कूलरांची क्षमता पुरी पडेना. इंजिनरूम अठ्ठेचाळीस अंशांवर गेली. भंडारी दर दोन तासांनी मीठ घातलेले लिंबाचे सरबत खाली पाठवत होता.

मंगळवार, सिंगापूर

नांगर टाकला आणि तासाभरात इंधनाचा बार्ज बाजूला लागला. बंकरिंगमध्ये, म्हणजे जहाजांना इंधन पुरवण्यात, सिंगापूर हे जगातले सर्वांत मोठे बंदर. येथे २०१७ पासून जहाजांना दिले जाणारे इंधन, वाहत्या तेलाचे वस्तुमान थेट मोजणाऱ्या मास फ्लो मीटरने मोजणे सक्तीचे आहे. त्याआधी टाकीत टेप सोडून उंचीवरून हिशेब करत, आणि तेलात हवा फेसाळून उंची वाढवण्याची लबाडी सर्रास चाले. त्या फसव्या तेलाला या व्यवसायात कॅपुचिनो म्हणतात. मीटर आला म्हणून यजमान निर्धास्त झाले नव्हते. चारसाब बार्जवर जाऊन मीटरचे सील पाहून आले, नव्या तेलासाठी मुद्दाम रिकामी राखलेली टाकी पुन्हा तपासली, आणि पाइप जोडल्यापासून सुटेपर्यंत थेंब-थेंब नमुना गोळा होईल अशी बाटली लावून ठेवली. शेवटी सीलबंद नमुन्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. त्यातला एक नमुना जहाजावर किमान वर्षभर जपावा लागतो, एक प्रयोगशाळेत जातो. त्याचा अहवाल येईपर्यंत शक्यतो नवे तेल वापरायचे नाही, जुनेच पुरवायचे. अहवालात बडासाब पहिल्यांदा काय पाहणार तेही त्यांनी सांगितले. तेलशुद्धीकरणातून राहून गेलेले ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे सूक्ष्म कण. नियमानुसार ते दशलक्ष भागांत साठपर्यंत चालतात, पण प्युरिफायरने ते आणखी खाली आणले नाहीत तर तेच कण रिंगा आणि लायनर खातात.

माझे उतरणे दुसऱ्या दिवशी सकाळी लाँचने झाले. सिंगापुरात उतरणाऱ्यांनी व्हिसा मुंबईतूनच काढून ठेवावा, एजंटाचा फोन क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि लाँचमध्ये उतरताना बॅग आधी दोरीने सोडू द्यावी, हातात धरून शिडी उतरू नये. यजमान निरोप द्यायला डेकवर आले होते, पण मिस्त्रीने प्युरिफायरचा बाऊल उघडला असल्याची हाक रेडिओवर आली आणि ते खाली गेले. बॅग पाचसाबांनी सोडली.